फिक्कं का गडद

वैशाख लागला की आमची गल्ली मुकी होते. एरवी वर्षभर क्लासची पोरं सायकली हाणत, एकमेकांना नावं ठेवत, भज्याच्या गाड्याभोवती कालवा करत असतात. परीक्षा दारात आली की त्यांचे नुसते ओठ हलतात, आवाज निघत नाही. गावाकडून आया येऊन राहतात. आमच्या वरच्या मजल्यावर सहा खोल्या आहेत. सहाही खोल्यांत डॉक्टर व्हायला आलेलं एकेक लेकरू, कोणी शिरूर अनंतपाळचं, कोणी पार किनवटकडचं, आणि या महिन्यात प्रत्येकामागं एक आई. सकाळी जिन्यातून फोडणीचे सहा वास खाली येतात. मी खालच्या पायरीवर बसून असतो. बिनकामाच्या माणसानं कुठंतरी बसायचंच.

याच मुक्या दिवसांत आमच्या गच्चीवर चिनी गुलाब फुलायचा. नावाला गुलाब, बाकी गुलाबाचं काही नाही त्याच्यात. जमिनीसरशी पसरतो. पानं म्हणजे जाड हिरव्या दोऱ्याचे तुकडे, बोटात दाबलं की पाणी निघतं. फूल सकाळी ऊन चांगलं तापल्यावर, दहाच्या सुमाराला उघडतं आणि तीन वाजता मिटतं. मिटलं ते मिटलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. पोरं त्याला ऑफिस टाइम म्हणतात. कठड्याला लागून तेलाचे नऊ डबे होते, नऊही डब्यांत एकच गुलाबी. हे सगळं माझ्या बायकोचं. गया तिचं नाव.

मागच्या वैशाखात ते झाड मी मारलं. रोगानं गेलं नाही, उन्हानं गेलं नाही, माझ्या हातानं गेलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी आशा धरून वाचत बसू नये.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत. आमचं गाव तेरणेच्या अंगाला. तिथं घरं कशी असायची, तर दोन-दोन हात रुंदीच्या काळ्या दगडाच्या भिंती, मधे चिखल, आणि वर लाकडावर पांढऱ्या मातीचं जाड धाबं. उन्हाळ्यात आत शिरलं की विहिरीत उतरल्यासारखं गार वाटायचं. भूकंप झाला त्या पहाटे हे सगळं जागच्या जागी खाली आलं. आमच्या घराची भिंत मी रचलेली होती. तिच्याखाली आमची सुनी गेली. अकरा वर्षांची होती. बालाजी धाकटा, तो आईच्या कुशीला होता म्हणून राहिला. याच्यावर मला जास्त लिहायचं नाही.

सुनीनं शाळेतून चिनी गुलाबाची एक काडी आणून फुटक्या कपात लावली होती. कप भिंतीवरच्या कोनाड्यात ठेवायची. आठ-दहा दिवसांनी आम्ही ढिगाऱ्यात भांडी हुडकायला गेलो. मी तवा शोधत होतो. गया एका जागी खाली बसली ती उठंचना.

"घावलं का काय?" मी विचारलं.

तिच्या तळहातावर ती काडी होती. धुळीनं पांढरी पडलेली. तिनं पदरानं पुसली तर खालून हिरवी.

"अवं, ह्याला माती न्हाई, पाणी न्हाई. आन जितं हाय बगा."

"भांडी हुडकायची सोडून गवत काय गोळा करायलीस?" मी म्हणलो.

तिनं काडी पदराच्या गाठीला बांधली. मी तसं का बोललो ते मला तेव्हाही कळत होतं. पोरगी गेली आणि पोरीची काडी जगली, याचा मला राग आला होता. माणसावर राग धरता येतो, देवावर धरता येतो. मी बोटभर काडीवर धरला. त्या दिवसापासून मी त्या झाडाकडं बघितलं नाही. कधी समोर आलंच तर मान वळवायचो. पुढं ती सवयच झाली.

त्यानंतरचा उन्हाळा आम्ही पत्र्याच्या शेडात काढला. आज वैशाख आला की माझ्यापुढं तोच उन्हाळा येतो. मधली वर्षं कुठं जातात कळत नाही. सकाळी नऊलाच पत्रे तापून टणटण वाजायला लागायचे. दुपारी आत बसलं तर डोक्यावर कोणी तवा धरलाय असं वाटायचं, बाहेर बसावं तर झाड म्हणून नाही. मदत कुठून कुठून आली होती. कपड्यांच्या गठ्ठ्यांत लोकरीचे स्वेटर निघाले, आणि आमच्या भावकीतला एक म्हातारा भर उन्हात निळा कोट घालून हिंडायचा, कारण त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं. त्याला पोरं हसायची. हसणारी पोरं बघून बाया रडायच्या. टँकर आला की सगळ्या वस्तीचे पाय ओले, घसा कोरडाच.

इस्माईलभाई तेव्हा औशाच्या बाजारात पत्र्याचं काम करायचा. डबे, चाळण्या, पत्र्याच्या पेट्या. शेडं उभी राहिली तेव्हा, दिवाळीच्या सुमाराला, दारं बसवायला तो आमच्यात आला होता. गयानं मदतीतला तेलाचा रिकामा डबा त्याच्यापुढं ठेवला.

"भाई, बुडाला तीन भोकं पाडून द्या."

"भाभी, जलमभर भोकं बुजवत आलो मी. पाडायचं काम पहिलंच."

"मग शिका आता," गया म्हणली. भूकंपानंतर तिच्या तोंडून निघालेली ती पहिली मस्करी. इस्माईलभाईनं तीन भोकं पाडली आणि वर म्हणला, "बिघडलं तर परत आणू नका."

डब्यात तिनं जी माती भरली ती आमच्याच घराच्या ढिगाऱ्याची होती. पांढरी, चाळून घेतलेली, वर मूठभर वाळू. मला हे कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही. तिनं मला समजावलं नाही आणि मातीही बदलली नाही. चिनी गुलाबाला असलीच माती लागते. कस नसलेली, पाणी न धरणारी. काळ्या रानाच्या मातीत तो सडतो. हे मला आता माहीत झालंय.

त्या उन्हाळ्यात आखिती आली. आमच्याकडं आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वर्षात गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची नवी घागर भरतात. गेलेल्याला वैशाखात तहान लागते म्हणतात. एरवी साऱ्या गावात मिळून चार-दोन घरांत ती घागर असायची. त्या वर्षी कुंभाराची गाडी वस्तीत शिरली आणि वळायच्या आत रिकामी झाली. एकेका दारात तीन-तीन, चार-चार घागरी मांडलेल्या. एका दारात सात होत्या, आणि भरणारा माणूस एकटा. कोणी कोणाकडं बघत नव्हतं.

गयानं सुनीची घागर भरली, हळदी-कुंकू लावलं आणि ढिगारा उपसायला आलेल्या परमुलखातल्या मजुरांना त्यातलं पाणी पाजलं. तांब्या तांब्या करून घागर रिकामी केली. मग हात धुतले आणि हाताचं उरलेलं पाणी डब्यात झटकलं. चार थेंब. झाडाला तेवढंच. मी दारातून हाताकडं बघत होतो, डब्याकडं नाही. मला वाटलं, टँकरचं पाणी, झाडाला कुठून घालील बिचारी. माझी चूक तिथं सुरू झाली. तिला तीस वर्षं लागली पिकायला.

थोड्याच दिवसांत फूल आलं. बाया यायला लागल्या. "गयाबाई, एक काडी द्या की." गया मोडून द्यायची. मोडल्याबिगर ते वाढतच न्हाई, म्हणायची. बोटभर काडी मातीत खोचली की झालं. गयाची धाकटी बहीण कौशी नांदेडहून भेटायला आली होती, तीही फडक्यात गुंडाळून एक घेऊन गेली. वैशाख सरेपर्यंत शेडांच्या ओळीत दारोदारी डबे झाले. दहा वाजता ऊन चढलं की पत्र्याच्या खालच्या अंगाला एक गुलाबी रेघ उमटायची. बाहेरून फोटो काढायला लोक यायचे, त्यांना लई कौतुक. मी दाराकडं पाठ करून जेवायचो. रेघ डोळ्याच्या कडेला लागायची तेवढीच.

पुढं गाव नव्या जागी वसलं. मला तिथं भिंत रचायला हात उठेना, म्हणून आम्ही लातूरला आलो. लातुरात क्लासांचे दिवस सुरू झाले होते. मराठवाड्यातली सगळी हुशार लेकरं या शहराच्या चार रस्त्यांत कोंबायची होती, त्यांना राहायला जागा लागणार होती. मी सिमेंट शिकलो, लोखंड शिकलो. किती हॉस्टेलं बांधली आठवत नाही. प्रत्येक स्लॅब पडल्यावर मी खाली उभा राहून वर बघायचो आणि मनात म्हणायचो, हे खाली येणार नाही. बालाजी शिकला, एका क्लासात गणित शिकवायला लागला, घर झालं, वर खोल्या झाल्या. एकाचे नऊ झालेले डबे गावाकडून बैलगाडीनं रस्त्यापर्यंत आणि तिथून टेम्पोनं आमच्याबरोबर आले होते. मातीसकट.

लातूरचं पाणी सगळ्या मुलखाला माहीत आहे. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा. एक उन्हाळा तर पाणी रेल्वेनं आलं. अशा शहरात गया डब्यांना चार दिवसांतून एकदा ओंजळभर पाणी द्यायची. मला कीव यायची तिची. पाण्यापायी हात आखडते, म्हणायचो मनातल्या मनात. बोललो कधीच नाही. बोललो असतो तर तिनं सांगितलं असतं. परीक्षा झाली की खोल्या सोडून जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात ती ओल्या फडक्यातली काडी द्यायची. "नंबर लागू न्हाई तर न लागू, हे मातूर लागतंय," म्हणायची. पोरं हसायची, पाया पडायची, जायची. किती जणांनी ती मातीत खोचली देव जाणे.

पौषात गया गेली. छातीत दुखतंय म्हणली. मी म्हणलो, गॅस असंल, ववा खा. तिसऱ्या दिवशी नव्हती.

आखितीला तिच्या नावाची घागर मी स्वतः गंजगोलाईच्या बाजारातून खांद्यावर आणली. बालाजीनं गच्चीवर मोठी टाकी बसवलेली, बोअरला बरं पाणी लागलेलं. आमच्या जन्मात कधी नव्हे ते घरात पाणी होतं, आणि ते बघायला ती नव्हती. मी म्हणलो, हिनं जलमभर आखडत्या हातानं दिलं, आता हिच्या झाडांनी तरी पोटभर प्यावं. उजाडताच सगळी घागर डब्यांत ओतली. पाणी बुडातल्या भोकांतून निघालं आणि गच्चीवरून वाहत पन्हाळीला लागलं. गवंड्याला गळती दिसली की हात शिवशिवतात. त्यातून मी लातूरचा. वाया जाणारं पाणी बघवत नाही. खाली जाऊन सिमेंट कालवून आणलं आणि नऊही डब्यांची बुडं बंद केली. घोटून, गुळगुळीत. काम चांगलं झालं होतं.

मग रोज दिवस उगवताना, फुलं उघडायच्या आत, एक घागर, तिच्या नावानं.

"मामा, आत्या एवढं पाणी देत नव्हत्या," सून एकदा म्हणली.

"तुमच्या आत्याच्या येळंला पाणीच नव्हतं," मी म्हणलो.

पहिले काही दिवस झाड असं तरारलं की मला भरून आलं. पानं फुगली, चकाकायला लागली. मग काड्या शिजल्यासारख्या दिसू लागल्या. आरपार दिसायचं त्यांच्यातून. बुडाशी काळं पडलं. मला वाटलं ऊन लागलं, म्हणून आणखी अर्धी घागर. पोरं परीक्षेला निघाली त्या सकाळी आया जिन्यात दह्याच्या वाट्या घेऊन उभ्या होत्या. दहा वाजले. वर एकही फूल उघडलं नाही. मी हात लावला तर काडी बोटाला चिकटून आली, आणि डब्यातून तुंबलेल्या गटारीसारखा वास आला.

इस्माईलभाई आता माझ्याएवढाच म्हातारा. गोलाईच्या मागं कूलरच्या टाक्या बनवायचं त्याच्या पोराचं दुकान आहे, तिथं तो स्टुलावर बसून असतो. त्याला बोलावलं. दोन जिने चढेपर्यंत तो चार ठिकाणी बसला. वर आल्यावर एक डबा त्यानं कलता केला. पाणी डुचमळलं. डबा उलटा केला, बुडावरून अंगठा फिरवला.

"मिस्त्री, हे कुणी केलं?"

"मी."

"भाभीनं माझ्याकडून पाडून घेतली व्हती ही भोकं. तुम्ही बुजवली?"

"पाणी वाया जात व्हतं."

"अरे बाबा, ह्याच्या अंगातच पाणी हाय. पखाल घेऊन फिरणाऱ्याला कुणी पाणी पाजतंय का?"

"मला वाटलं, पाणी नव्हतं म्हणून ती देत नव्हती."

"तीस वरसं एका छपराखाली ऱ्हायलाव. एकदा इचारायचं तरी जी." माझ्या तोंडाकडं बघून त्याला वाईट वाटलं असावं. मग नऊ डब्यांतली घाण आम्ही दोघांनी बोटांनी चिवडली. कुठं बोटभर टणक काडी मिळती का म्हणून. एक सापडली असती तरी पुरली असती. नाही सापडली.

मी नव्या गावाला जाऊन आलो. ज्यांनी काड्या नेल्या त्यातल्या निम्म्या बाया गेल्या होत्या, राहिलेल्यांच्या अंगणात फरशी होती. "व्हतं की, फरशी बसवली तवा काढलं," एकजण म्हणली. ढिगाऱ्यात जगलं ते फरशीनं मेलं. राहिली एक कौशी. म्हणून नांदेडची गाडी धरली. चाकूर, अहमदपूर, लोहा, सगळ्या स्टँडवर परीक्षा देऊन घरी परतणारी पोरं, ट्रंकेवर बसलेली, आणि शेजारी त्यांच्या आया, काही न विचारणाऱ्या.

कौशी दारातच हसली. "या दाजी. अक्का हुती तवा तिला दोन दिवस माहेरला धाडत नव्हते, आता सोताच माहेरला आले."

"कौशे, अक्काची काडी हाय का?"

"हाय ना. असं काऊन पाहून राहिले? बसा तरी, पाणी प्या."

मी बसलो नाही. तिच्या अंगणात वीसेक कुंड्या होत्या. पिवळं, पांढरं, शेंदरी, सगळ्या रंगांचे चिनी गुलाब. अकरा वाजले होते, सगळे उघडे. त्यात गुलाबी दोन कुंड्या, एक फिक्की आणि एक गडद.

"ह्यातली एक अक्काची," कौशी म्हणली. "दुसरी पोरीनं नर्सरीतून आणेल हाय. कुंड्या बदलल्या तवा माझा घोटाळा झाला. कोणती कोणती ते ध्यानातच नाही राहिलं. तुमीच सांगा की दाजी. अक्काचं कसलं व्हतं? फिक्कं का गडद?"

मी दोन्ही कुंड्यांपुढं उकिडवा बसलो. आमच्या गल्लीतली लेकरं एकेका प्रश्नासाठी दोन-दोन वर्षं घासतात. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांपुढं तीस वर्षं रोज दहा वाजता याचं उत्तर उघडत होतं, आणि मी मान वळवत होतो. तिचे हात आठवले, हातातला तांब्या आठवला, डब्यांवरचा गंज आठवला. ती गुलाबी रेघ आठवली, पण रेघेला फिक्कं-गडद काही नव्हतं. लेकीचं फूल, बायकोनं जपलेलं, आणि मला त्याचा रंग माहीत नव्हता.

"दोन्ही न्या ना," कौशी म्हणली.

गयाच्या बहिणीपुढं मला लाज वाटली. "कशाला? रोजचं बघण्यातलं हाय, मला म्हाईत नसंल व्हय? गडद."

तिनं गडद काडी मोडून ओल्या फडक्यात बांधून दिली. परत जाऊन फिक्की आणता आली असती. बालाजीही म्हणला असता, चला. पण आणून काय? दोन्ही शेजारी लावून रोज बघत बसलो असतो आणि दोन्हींपैकी एकीनंही मला ओळख दिली नसती. ज्याच्याकडं आपण बघितलं नाही ते आपल्याला कशाला ओळख देईल.

इस्माईलभाईनं खिळ्यानं सिमेंट फोडून भोकं मोकळी करून दिली. काडी लागली. मोडून मोडून वर्षभरात नऊही डबे भरले. यंदाचा वैशाख आला, गल्ली मुकी झाली, आणि दहा वाजता गच्चीवर गडद गुलाबी फुलं उघडायला लागली. पाणी सून घालते, चार दिवसांतून एकदा ओंजळभर. मी गच्चीवर स्टूल टाकून बसतो आणि बघतो. आता बघतो. पाच पाकळ्या, मधे पिवळे तुरे, वारा आला की तुरे सगळे एका बाजूला कलतात. मिटताना पाकळी आधी कडेला चुरगळते. हे सगळं मी पाठ केलंय. कोणाचं पाठ केलंय ते माहीत नाही.

घरात मात्र कोणाला शंका नाही, गुलाबी ते गुलाबी एवढंच त्यांच्या ध्यानात. सून खोल्यांतल्या आयांना वर आणते आणि सांगते, "हे आमच्या आत्याचं. भूकंपातल्या ढिगाऱ्यातनं निघालेलं. आमच्या नणंदेनं लावलेलं." आया पदर सावरून काडी मागतात. सून मोडून देते. मी ऐकतो, मधे पडत नाही. लेकराची परीक्षा तोंडावर असलेल्या बाईला मी काय सांगू?

परवा चाकूरकडच्या एका पोराची आई अशीच वर आली. काडी घेतली, कपाळाला लावली. तिच्या काडीला एक उघडं फूल होतं. मग माझ्याकडं वळली.

"बाबा, तुमच्या लेकीचं फूल असंच व्हतं का?"

"असंच," मी म्हणलो.

तिनं ते फूल डोळ्यांजवळ धरलं आणि उन्हात फिरवून, सगळ्या बाजूंनी, नीट बघितलं.